आधी रिकाम्या हातानं ट्रॅकवर या, गाडी नंतर घ्या

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, पुण्यात नोकरी, मुलगी ११ वर्षांची. तिच्या वाढदिवसाला एक रिमोटची गाडी आणली, ती पंधरा दिवसांत मोडली पण नाद मात्र दोघांना लागला. आता शहराबाहेर एक मातीचा ट्रॅक आहे असं कळलंय, तिथं बापलेकीला रेस करायचीय, चाळीस हजार बाजूला काढलेत, तर कुठली गाडी घ्यावी? आणि शेवटी, सगळ्यात फास्ट कुठली?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सगळ्यात फास्ट गाडी घेतलीत तर तुम्ही सगळ्यात शेवटी याल. गंमत नाही करत, खाली हिशोब मांडलाय.

आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आत्ता काहीच घेऊ नका. येत्या रविवारी त्या ट्रॅकवर, म्हणजे आमच्याकडे, नुसते या, गाडी नाही, चार्जर नाही, काही नाही, दोघं या आणि सकाळपासून दुपारपर्यंत बसा. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो कारण तोपर्यंत त्यांनी रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून कार्टमध्ये काहीतरी टाकलेलं असतं. पण लोकल ट्रॅकवर मोजून दोन किंवा तीन क्लासच्या गाड्या पळतात, क्लास म्हणजे एकमेकींशी रेस करू शकतील अशा सारख्या गाड्यांचा गट. तुम्ही आणलेली गाडी त्या क्लासात बसत नसेल तर ती कितीही भारी असो, तुम्ही एकटेच गोल गोल फिरणार. मागे एक जण आला होता, सुंदर टूरिंग कार, रंगकाम तर असं की बघत राहावं, पण ती रस्त्यावरची गाडी, पोट जमिनीपासून पाच मिलिमीटर वर. आमचा ट्रॅक मुरमाचा. गाडी पार्किंगपासून ट्रॅकपर्यंतसुद्धा चालत आली नाही, उचलून आणली आणि उचलूनच परत नेली.

मी स्वतः काय दिवे लावले तेही सांगतो. २००६ साली पहिली गाडी घेतली ती नायट्रो, म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन. आवाज ऐकला आणि वेडा झालो. मग कळलं की ते इंधन मिळवणं हाच एक वेगळा छंद आहे, मिळालं तर महाग, आणि रेसच्या आधी अर्धा तास कार्ब्युरेटरची सुई फिरवत बसायचं, जरा लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, की इंजिन तापतं, रिच झालं, म्हणजे जास्त झालं, की वळणावर बंद पडतं. पहिल्या सीझनला मी पूर्ण केलेल्या रेस एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. शिवाय तेव्हा २७ मेगाहर्ट्झचे रेडिओ होते, क्रिस्टल बदलायचे, आणि तुमच्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्यानं रिमोट चालू केला की तुमची गाडी थेट कुंपणात, त्यामुळं फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे, ज्याच्याकडे चिमटा त्यानंच रिमोट चालू करायचा. आता २.४ गिगाहर्ट्झ आल्यापासून ती कटकट संपली. नायट्रोपासून मात्र अजूनही लांब राहा, निदान पहिली दोन वर्षं. इलेक्ट्रिकच घ्या.

तर रविवारी आल्यावर बघायचं काय? कुठल्या क्लासला सगळ्यात जास्त गाड्या आहेत ते मोजा. कुणाची गाडी मोडली तर तो पार्ट आणायला कुणाकडे पळतो ते बघा, कारण उद्या तुम्हालाही तिथंच पळायचंय. आणि पहिल्या नंबरच्या पोराकडे नका बघू, चौथ्या-पाचव्या नंबरवर जो शांतपणे चालवतोय त्याच्या शेजारी जाऊन बसा, तो जास्त नीट सांगेल. पहिल्या नंबरवाल्याला स्वतःलाच माहीत नसतं तो काय करतो ते.

आता जरा भाषा समजून घ्या म्हणजे तिथं कान टवकारून बसता येईल. १/१०, १/८ हे स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या किंवा आठव्या भागाएवढी. १/८ बग्गी (मातीवर पळणारी, उघड्या चाकांची रेसची गाडी) तीन किलोच्या वर जाते, तिचं सगळंच महाग, टायर महाग, बॅटरी महाग, आणि पायावर बसली की पायही महाग (माझा घोटा आठवडाभर सुजला होता, सँडल घालून ट्रॅकमध्ये उभा होतो, स्वतःचाच गाढवपणा). नवीन माणसानं १/१० मध्ये यावं. १/१० च्या बग्गीत टू-व्हील आणि फोर-व्हील असे दोन प्रकार, म्हणजे मोटर फक्त मागची दोन चाकं फिरवते की चारही, १९८४ मध्ये टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी-१० आली तेव्हापासून टू-व्हील बग्गी हाच या खेळाचा कणा म्हणायला हरकत नाही. फोर-व्हील चालवायला सोपी पण पार्ट दुप्पट, टू-व्हील मागून घसरते, सारखी घसरते, पण अंगठा आणि बोट तीच शिकवते.

मोटारवर १७.५ टी, १३.५ टी असं लिहिलेलं असतं. टी म्हणजे टर्न, आत तांब्याच्या तारेचे वेढे. वेढे कमी तितकी मोटर जास्त पळते, म्हणजे आकडा लहान तितकी आग जास्त, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा, दुकानात भलेभले फसतात. नवख्यांचा क्लास बहुतेक ठिकाणी १७.५ किंवा २१.५ चा असतो, आणि त्यात ईएससी ब्लिंकी मोडमध्ये ठेवायचा असतो. ईएससी म्हणजे मोटारला करंट देणारा स्पीड कंट्रोलर, त्यात टायमिंग वाढवून मोटर आणखी पळवता येते, ते शून्यावर ठेवलं की त्याचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणून ब्लिंकी. कुणी चोरी करत नाहीये ना ते सगळ्यांना लांबून दिसतं.

आता तो हिशोब. समजा रेस पाच मिनिटांची आहे, आणि पाच मिनिटं झाली की चालू असलेला लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, पूर्ण करायचा. एकाची गाडी फास्ट, १९ सेकंदांत लॅप मारतो, पण चार वेळा पलटतो, आणि पलटल्यावर मार्शल (वळणावर त्यासाठीच उभा असलेला माणूस) येऊन सरळ करेपर्यंत प्रत्येक वेळी दहा सेकंद जातात. दुसरा २१ सेकंदांचा रडतखडत लॅप मारतो पण एकदाही पलटत नाही. तेरा लॅप आणि चार पलट्या मिळून पहिल्याची २८७ सेकंदं झाली, चौदावा लॅप संपेपर्यंत ३०६, झाला त्याचा खेळ. दुसऱ्याचे २९४ सेकंदांत चौदा पूर्ण झाले आणि तो पंधराव्यात शिरलासुद्धा. लॅपमागं दोन सेकंद हळू असलेला माणूस अख्ख्या लॅपनं जिंकला. आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, सरळ पट्ट्यात पोरं त्यांना सूं करून मागं टाकतात, काका आपले चष्मा सावरत एकाच लाइनीनं फिरत राहतात, आणि संध्याकाळी निकालाचा कागद लागला की काका तिसरे. दर वेळी. पोरांना अजून कळलेलं नाही हे कसं होतं.

म्हणून गाडी निवडताना वेग हा मुद्दाच बाजूला ठेवा. तीनच गोष्टी बघा: ट्रॅकवर तीच गाडी आणखी किती जणांकडे आहे, तिचे आर्म आणि हब, म्हणजे चाक धरणारे आणि सगळ्यात आधी मोडणारे पार्ट, पुण्यात कुणाकडे पडलेत का, आणि तुमच्या दोघांची गाडी एकच मॉडेल आहे का. हा तिसरा मुद्दा बापलेकीसाठी फार मोठा आहे. वेगवेगळ्या गाड्या घेतल्या की दोन वेगळे स्पेअरचे डबे, वेगळे पिनियन (मोटारवरचा छोटा गिअर), वेगळे टायर, आणि एकाची मोडली की दुसऱ्याच्या डब्यातलं काही लागत नाही. एकच मॉडेल असेल तर दिवसाच्या शेवटी दोन मोडक्यांतून एक धड गाडी उभी राहते, आम्ही हे कितीदा केलंय.

चाळीस हजारांत दोन नव्या कोऱ्या रेसिंग बग्ग्या सगळ्या सरंजामासकट बसणार नाहीत, खोटं कशाला सांगू. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे डब्ल्यूएलटॉइज कंपनीच्या १४४००१ सारख्या १/१४ च्या तयार गाड्या दोन घ्यायच्या. डब्यातून काढा, बॅटरी चार्ज करा, पळवा. स्वस्त आहेत, पार्ट मिळतात, आणि बऱ्याच ट्रॅकवर त्यांचाच एक वेगळा क्लास चालतो. तोटा असा की रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि ईएससी एकाच पट्टीवर आहेत, म्हणजे एक गेलं की दोन्ही गेले, आणि पुढं मोठ्या गाडीत जाताना त्यातलं जवळपास काहीच सोबत येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे ट्रॅकवरच्या कुणाची तरी जुनी १/१० टू-व्हील बग्गी, कारण रेसवाले लोक दर दोन वर्षांनी नवीन मॉडेलच्या मागे लागतात आणि जुनी निम्म्या किमतीला काढतात. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता एक सेकंडहँड बग्गी घेतली असती, तीन महिने दोघांनी आलटून पालटून चालवली असती, आणि मग तशीच दुसरी शोधली असती. पण मुलीला वाट बघवणार नसेल तर पहिला रस्ता धरा, त्यात काही कमीपणा नाही.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा बॉडी बघू नका, बॉडीवर रंग मारून लोक काहीही खपवतात. गाडी उलटी करा. चॅसीच्या खाली चरे असणारच, पण स्क्रूची डोकी घासून सपाट झाली असतील आणि पाना आत बसत नसेल तर ती गाडी पुढं तुम्हाला रडवणार. मागची दोन्ही चाकं धरून एक पुढं एक मागं फिरवा, डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा, मऊ फिरलं पाहिजे, आत वाळू चावल्यासारखं लागलं तर ते उघडावं लागेल. शॉक दाबून सोडा, चारही सारख्या वेगानं वर आले पाहिजेत, आणि शॉकचा दांडा काढून काचेवर घरंगळवून बघा, वाकडा असेल तर उड्या मारत जातो. चाक धरून बाजूला हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलंय, हे काही मोठं नाही, बेअरिंग स्वस्त असतात. आणि एक खास गोष्ट, असोसिएटेडची बी-६ बघत असाल तर बी-६ आणि बी-६डी असे दोन प्रकार आहेत, डी म्हणजे डर्ट, साधी बी-६ कार्पेट आणि कृत्रिम गवताच्या चिकट ट्रॅकसाठी केलेली. आपल्या मुरमावर डी पाहिजे. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

पैशांची वाटणी कशी करायची तर गाडीवर निम्म्याहून जास्त घालवू नका. बाकीचे कुठं जातात ते नवीन माणसाला दिसतच नाही. चार्जर चांगला घ्या, बॅलन्स करणारा, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणारा, हा दहा वर्षं टिकतो. रिमोट मध्यम घ्या पण स्वतःचा घ्या, फ्लायस्काय किंवा रेडिओलिंकचा पिस्तुलासारखा धरायचा साधा रिमोट पुरतो, फक्त त्यात स्टीअरिंग आणि थ्रॉटलचा एंड पॉइंट, म्हणजे जास्तीत जास्त किती वळेल आणि किती पळेल ती हद्द, कमी-जास्त करता आला पाहिजे आणि फेलसेफ पाहिजे, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी थांबली पाहिजे. पाने हेक्सचे, १.५, २ आणि २.५ मिलिमीटर, मूठवाले, चांगल्या स्टीलचे, आणि नटसाठी ५.५ आणि ७ चे. इथं कंजूसपणा केला तर पहिल्याच महिन्यात स्क्रूचं भोक गोल होतं आणि मग ड्रिल मारत बसा. बोहरी आळीत बरंच काही मिळतं, पण तिथल्या एल आकाराच्या अॅलन की च्या जुडग्यावर गाडी उघडू नका, सायकलला ठीक आहे ते. कनेक्टर, हीट श्रिंक, सोल्डर, सिलिकॉनची वायर हे तपकीर गल्लीत एका फेरीत होऊन जातं. बाहेरून मागवायचं म्हटलं तर ड्यूटी आणि कुरिअर धरून किंमत कुठल्या कुठं जाते, म्हणून ट्रॅकवरचे लोक एकत्र मागवतात, त्यांच्या यादीत तुमचं घुसवा.

बॅटरीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण घरात मूल आहे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, दोन सेलची, एका सेलचे ३.७ व्होल्ट म्हणून ७.४ म्हणतात, फुल भरली की ८.४. तीन व्होल्टच्या खाली सेल गेला की मेला समजा, म्हणून ईएससी मध्ये लिपो कटऑफ चालू आहे का ते पहिल्या दिवशी तपासा. चार्जिंग एक सी नं करा, म्हणजे ५००० एमएएचची बॅटरी तर ५ अँपिअर. वापरायची नसेल तर सेलमागं ३.८ वर आणून ठेवा, चार्जरवर स्टोरेज नावाचं बटण त्यासाठीच असतं. माझी एक बॅटरी मी मे महिन्यात भरलेली तशीच गाडीच्या डिकीत विसरलो, दुपारभर गाडी उन्हात, संध्याकाळी डिकी उघडली तर हार्ड केस मधोमध उसवलेली, आत पापड भाजल्यावर फुगतो तशी फुगलेली आणि गोडसर केमिकलचा वास. नशीब पेटली नाही. तेव्हापासून माझा नियम असा की चार्जिंग फरशीवर, लिपोच्या पिशवीत, जवळ वाळूची बादली, आणि माणूस खोलीत जागा पाहिजे. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही म्हणजे नाही, मोबाईलची सवय इथं चालत नाही. फुगलेली बॅटरी टाचणी मारून बघायची नसते, हेही सांगून ठेवतो, कारण एकानं ते केलंय. डिस्चार्ज करा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

टायर. सेटअपच्या नावाखाली लोक कॅम्बर, टो (चाकं किती कलती, किती तिरकी ठेवायची ते), शॉकचं तेल यात महिने घालवतात आणि टायर मात्र गाडीसोबत आले तेच. माझ्या मते वेगातला निम्मा फरक टायरचा आणि उरलेला बोटाचा. आमच्या ट्रॅकचं वागणं असं आहे: सकाळी टाकीतून पाइपनं पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, मुरूम ओलसर, आखाड्यातल्या लाल मातीसारखा धरून ठेवतो, गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. अकरानंतर तो सुकतो, वर बारीक धूळ सुटते, आणि तीच गाडी तोच माणूस वळणावर फुगडी घालायला लागतो. कडक दाबलेल्या जमिनीवर बारीक, दाट काटे असलेला टायर, आणि सुटी माती वर आली की उंच, लांब-लांब काटे. कंपाउंड, म्हणजे रबर किती मऊ, कुठलं ते तुमच्या ट्रॅकवरच्या पहिल्या पाचांच्या गाड्या उलट्या करून बघा, विचारायचीसुद्धा गरज नाही. टायर रिमला चिकटवावा लागतो, तो ग्लू म्हणजे शेवटी फेविक्विकच्याच जातीचा, पण आधी रबराची कड आणि रिमची खाच स्पिरिटनं पुसा, साच्यातला तेलकटपणा राहिलेला असतो, नाहीतर तिसऱ्याच लॅपला टायर एकीकडे आणि रिम दुसरीकडे.

गिअर मेशची एक युक्ती, ही मला कुणीतरी पहिल्याच वर्षी दाखवली आणि अजून तीच वापरतो. पिनियन आणि स्पर या दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या चुण्या पडल्या पाहिजेत पण ती फाटली नाही पाहिजे. फाटली तर फार घट्ट, चुण्याच नाहीत तर सैल, आणि सैल असेल तर रेसच्या मधेच कर्रर्र करून स्परचे दात जातात. पिनियन मोठं घातलं की सरळ पट्ट्यात वेग येतो पण मोटर तापते. एप्रिल-मे मध्ये आम्ही सगळेच एक दात कमी करतो. पाच मिनिटांनी मोटारवर बोट टेकवा, तीन सेकंद ठेवता आलं नाही तर पिनियन उतरवा.

चालवणं. इथं मुलगी तुम्हाला मागं टाकणार, आत्ताच मनाची तयारी ठेवा. गाडी तुमच्यापासून लांब जात असते तेव्हा डावं ते डावं, पण तुमच्याकडे येत असते तेव्हा उलटं होतं, आणि मोठ्या माणसाचा मेंदू इथं अडकतो, दोन महिने अडकतो. उपाय म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन चपला दहा-बारा फुटांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढत बसा, रोज एक बॅटरी. सुरुवातीला रिमोटमधून थ्रॉटल साठ टक्क्यांवर आणा, स्टीअरिंग पण जरा कमी करा. स्वतःला मनात गाडीत बसवा, बाहेरून बघू नका. नजर गाडीवर नाही, गाडीच्या पुढं दोन हात. आणि ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, वळणात ब्रेक मारला की टू-व्हील बग्गी बरोबर उलटं तोंड करून तुमच्याकडे बघते.

उडीबद्दल विचारलं नाहीये पण पहिल्याच दिवशी अडणार आहात. गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक मारला की नाक खाली जातं, कारण चाकांचा फिरण्याचा जोर बदलला की त्याचा उलटा धक्का गाडीच्या अंगाला बसतो. म्हणजे नाकावर पडतेय असं दिसलं तर जरासा थ्रॉटल, शेपटीवर पडतेय तर ब्रेकला नुसता स्पर्श. बहुतेक नवखे घाबरून हवेत बोट सोडतात, गाडी नाकावर आपटते आणि पुढचा आर्म जातो. हे एकदा जमलं ना की तो दिवस जेवण गोड लागतं.

रेसचा दिवस साधारण असा जातो: सकाळी नाव नोंदवायचं आणि ट्रान्सपाँडरचा नंबर द्यायचा. ट्रान्सपाँडर म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी, गाडीत बसते, रिसीव्हरमधून करंट घेते, आणि फिनिश लाइनखाली पुरलेल्या वायरीच्या लूपवरून गेली की कॉम्प्युटर बीप करून लॅप मोजतो. सुरुवातीला भाड्यानं मिळतो का विचारा, लगेच विकत घेऊ नका. मग प्रॅक्टिस, मग क्वालिफाइंगच्या दोन-तीन हीट, म्हणजे फायनलचे गट ठरवणाऱ्या छोट्या फेऱ्या. क्वालिफाइंगमध्ये तुम्ही घड्याळाशी शर्यत करता, शेजारच्या गाडीशी नाही, हे डोक्यात पक्कं करा. मागून फास्ट गाडी आली तर एकदम ब्रेक मारून थांबू नका, हीच सगळ्यात मोठी चूक, मागचा येऊन आदळतो. तुमची लाइन धरून ठेवा आणि पुढच्या वळणावर जरा रुंद जा, तो आतून निघून जाईल. त्या वेळेवरून ए मेन, बी मेन असे गट पडतात आणि दुपारी फायनल. तुम्ही शेवटच्या गटात असणार, आणि खरं सांगू का, तिथंच सगळ्यात जास्त हशा असतो.

मार्शलिंग चुकवायचं नाही. तुमची रेस झाली की पुढच्या रेसला तुम्ही वळणावर उभं राहायचं आणि पलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, हे फुकटचं काम नाही, याच्यावरच सगळं चालतं, आणि जो रेस संपल्यावर गुपचूप चहाला पळतो त्याचं नाव लोक लक्षात ठेवतात. गाडी उचलायच्या आधी येणाऱ्या गाड्यांकडे बघा, दोन्ही बाजूंनी धरा, चाकांत बोटं घालू नका, आणि ज्या दिशेनं रेस चाललीय त्याच दिशेला तोंड करून ठेवा. बंद बूट पाहिजेत, का ते वर सांगितलंय. आणि जिथं उभं राहून गाडी चालवायची त्या स्टँडवरून मार्शलवर ओरडणाऱ्यातले होऊ नका. गाडी तुम्ही पलटवली, त्यानं नाही. मी तर म्हणतो रविवारी याल तेव्हाच एखाद्या हीटला मार्शल म्हणून उभे राहा, कुणी नाही म्हणणार नाही, उलट हातात चहा देतील. मुलीला मात्र पहिल्यांदा तुमच्या सोबत उभी करा, एकटी नको.

घरी आल्यावर गाडी धुवायची नाही. जुना रंगाचा ब्रश आणि टूथब्रशनं माती झाडा, सगळे स्क्रू एकदा आवळून बघा, आणि काय बदललं ते वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले तीन महिने तर टायर सोडून काहीच बदलू नका.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आमचा ट्रॅक चिखल होतो आणि बंद असतो. तेव्हा लोक घरात फोमच्या टाइल्स अंथरून क्योशो कंपनीच्या मिनी-झी पळवतात, तळहाताएवढ्या गाड्या, एएए सेलवर चालतात, आणि त्यानं बोटाचं वळण सुटत नाही. पहिला पाऊस पडल्यावर मोहापायी ओल्यात गाडी काढली तर बेअरिंग गंजतात, आठवड्यात खर्र वाजायला लागतात. बाकी गाड्या उघडून, डिफरन्शियलचं तेल बदलून ठेवायची हीच वेळ, म्हणजे खंडेनवमीला स्कूटरशेजारी रिमोट आणि पाने मांडून झेंडूचं फूल वाहिलं की सीझन सुरू.

रविवारी आठच्या आत या, नंतर ऊन होतं. टोपी, पाणी, दोघांसाठी डबा, आणि बसायला काहीतरी. अजून एक, चालवायच्या स्टँडचा कठडा मोठ्या माणसांच्या मापाचा आहे, अकरा वर्षांच्या पोरीला त्यावरून ट्रॅकचा लांबचा कोपरा दिसत नाही, तेव्हा घरातलं एक प्लास्टिकचं स्टूल गाडीत टाका. कुणीतरी आपला रिमोट तिच्या हातात देईलच, मी तर देतोच.